आधी उतार, मग चढ : कॅन्यन पाहून आलेल्या नाशिककरांनो, लिहा

येत्या ऑक्टोबरात आम्ही चौघं अमेरिकेतल्या युटा-अ‍ॅरिझोनाच्या कॅन्यनमध्ये, म्हणजे खोल दऱ्यांत, भटकायला निघतोय. चौघांत मिळून दोन बरे कॅमेरे, सात धड गुडघे आणि हातात दहा दिवस. झायन, ब्राइस, पेज गावाजवळचा अँटेलोप आणि ग्रँड कॅन्यन एवढं डोक्यात आहे. 'या पाच जागा चुकवू नका' छाप याद्या वाचून कंटाळलो. तुमचं काय फसलं, कुठे तंतरली, कुठलं ओझं उगाच वाहिलं ते सांगा. आमचे पाय हरिहर-अंजनेरीवर तयार झालेत, म्हणून सह्याद्रीत हिंडून मग तिकडे गेलेल्यांचेच अनुभव हवेत.

इंदिरानगर, निवृत्त शिक्षक

माझं फसलं ते गडांच्या सवयीमुळे. गडावर आधी चढ असतो. दमलात तर मागे फिरा, उतार आपल्या हक्काचा. ग्रँड कॅन्यनमध्ये सगळं उलट. साउथ रिमचा काठ सुमारे २१०० मीटरवर, म्हणजे आपलं साल्हेर (१५६७) आणि कळसूबाई (१६४६) दोन्ही त्याच्या खाली. तिथून तुम्ही ताजे, सकाळच्या गारव्यात, खाली उतरू लागता. ब्राइट एंजेलच्या वाटेवर दीड मैलावर विसावा आहे, तिथून परतायचं ठरलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, आता फिरूया." मी म्हटलं, "अरे, मला काहीच झालेलं नाही!" आणि तीन मैलांच्या विसाव्यापर्यंत गेलो.

उतरायला दीड तास, वर यायला साडेतीन. उतरण्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं पार्कवाले सांगतात. साठी उलटली असेल तर त्याहून जास्त धरा. जसजसं खाली जावं तसं ऊन वाढतं हेही डोक्यात घ्यायला वेळ लागतो. आपल्याकडे उंची गाठली की वारा लागतो, तिथे दमून परत फिरताना तुम्ही भट्टीच्या तोंडाशी असता.

आणखी एक. घाम येतोय हे कळतच नाही. हवा इतकी कोरडी की शर्ट वाळलेलाच, फक्त पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. मी नुसतं पाणी ढोसत राहिलो आणि मळमळायला लागलं. मीठ कमी पडलं होतं. एका अनोळखी बाईंनी खारी बिस्किटं दिली, तेव्हा जिवात जीव आला. सूनबाईंनी बांधून दिलेला चिवडा वर गाडीत होता.

गंगापूर रोड, फोटोवाला

अँटेलोप ही अरुंद दगडी घळ, तिथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांच्या प्रदेशातली. नवाहो वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. पाठीवरची सॅक नाही, ट्रायपॉड नाही. मी दीड किलोचा ट्रायपॉड नाशिकहून नेला आणि तो गाडीच्या डिकीतच हिंडून आला. आत एकाच चौकटीत पांढरा फटक उजेड आणि काळाकुट्ट अंधार असतो. आकाशाचा तुकडा चौकटीत घेऊच नका. दगडावर आपटून दुसऱ्या भिंतीवर पडलेला उजेड टिपा, खरा केशरी रंग तिथे आहे. उन्हाचे सरळ झोत हवे असतील तर अप्पर अँटेलोप, तेही उन्हाळ्यात आणि भर दुपारी. ऑक्टोबरात त्याची आशा धरू नका. आत लेन्स बदलायची नाही, वरून पिठासारखी वाळू गळत असते.

आता घड्याळाचं. अ‍ॅरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, युटात पाळतात, म्हणजे मार्च ते नोव्हेंबर युटाचं घड्याळ तासभर पुढे. भोवतालचा नवाहो प्रदेश अ‍ॅरिझोनात असूनही उन्हाळी वेळ पाळतो. पेज अ‍ॅरिझोनाची वेळ पाळतं, पण तिथे फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर वेळ ठरते! म्हणून मी शहाणपणा करून मनगटी घड्याळ पेजच्या वेळेवर लावलं. मे महिना होता, युटातल्या ब्राइसचा सूर्यास्त साडेआठच्या सुमारास. त्याच घड्याळाच्या भरवशावर निवांत आठला पोचलो, तर तिथे नऊ वाजलेले. मिट्ट काळोख.

पण नुकसान फार झालं नाही. सनसेट पॉइंट हे नाव फसवं आहे. तिथली दरी पूर्वेला उघडते, त्यामुळे संध्याकाळी सुळके सावलीत जातात. पहाटे त्याच जागी गेलो आणि ऊन आल्यावर सुळके आतून पेटल्यासारखे दिसले. कानटोपी न्या. ब्राइसचा काठ २४०० मीटरच्या वर आहे, ऑक्टोबरातल्या पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात मान टाकते.

सिडको, दोन मुलांची आई

झायनमधलं नॅरोज म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं. शटल बसच्या शेवटच्या थांब्यावरून मैलभर पक्की वाट, पुढे सरळ पाण्यात. दोन्ही बाजूंना ताशीव भिंती, काही ठिकाणी दोन हात पसरलेली पाचसहा माणसं मावतील एवढंच अंतर. दगड बुळबुळीत. स्प्रिंगडेल गावात बूट आणि काठी भाड्याने मिळते. नवऱ्याने पैसे वाचवायला आपले ट्रेकिंगचे बूट घातले, ते पुढचे दोन दिवस वाळलेच नाहीत.

खरी भीती पुराची. डोक्यावर निळं आकाश असतं आणि वरच्या पठारावर कुठेतरी ढग फुटलेला असतो. १९९७ साली लोअर अँटेलोपमध्ये असंच पाणी आलं आणि ११ पर्यटक गेले. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की नॅरोज बंद करतात. आमचा पहिला दिवस तसाच गेला. मुलं रुसली, मी नाही. गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीला टेकताना पाहिलेल्या माणसाला पाणी काय करतं ते सांगावं लागत नाही. म्हणून झायनला दोन रात्री ठेवा, एका रात्रीवर भिस्त नको. नदीचं पाणी पिऊ नका, त्यात विषारी शेवाळ सापडलंय.

सातपूर

एंजल्स लँडिंग, म्हणजे झायनमधला साखळ्या धरून चढायचा अरुंद कडा. १ एप्रिल २०२२ पासून तिथल्या साखळ्यांच्या टप्प्यासाठी परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. एक सोडत हंगामाची, दुसरी आदल्या दिवशीची. दोन्हींत माझा नंबर लागला नाही. साखळ्यांच्या अलीकडच्या स्काउट लुकआउटपर्यंत परवान्याशिवाय जाता येतं, तिथवर गेलो. खालून साखळी धरून चाललेली रांग पाहिली आणि मित्राला म्हटलं, हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना याचं काय! खरं सांगू का, हरिहरला खोबणीत बोटं रुततात. तिथे दोन्हीकडे काहीच नाही. परवाना मिळाला असता तर मी गेलो असतो की नाही, देव जाणे.

नाशिकरोड

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी या पार्कांचे दर वेगळे आणि बरेच चढे आहेत. जुन्या ब्लॉगांवरचे ८० डॉलरच्या वार्षिक पासाचे हिशेब धरू नका. ड्रोन घरीच ठेवा, सगळ्या नॅशनल पार्कांत बंदी आहे.

पंचवटी

मी गेलेलोच नाही. व्हिसाची तारीख मिळेना, म्हणून त्या सुट्टीत साम्रदच्या सांदण दरीत उतरलो. बेसॉल्टची काळी चीर, उजेड वरून पट्टीएवढा येतो. आत दोन ठिकाणी पाणी साचलेलं, थंडीत कमरेएवढ्या पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून जावं लागलं. तिकडे जाणाऱ्यांनी एकदा इथे सराव करावा, पावसाळा सोडून. तिथेही आधी उतरायचं असतं.

धागा काढणारा

काका, चिवडा सॅकमध्येच राहील. ट्रायपॉड रद्द. झायनला दोनाच्या तीन रात्री केल्या, त्यासाठी पेजचा एक मुक्काम कापला. सांदणला जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी पहाटे चारला निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. पंचवटीवाले दादा, त्या पाण्यात बूट घालून उतरला होतात की अनवाणी?