पोटातला कॅन्सरआधीचा बदल: शिबिरात रक्त तपासायचं की दुर्बीणच हवी?

हर्णैचा मुलगा: बाबा बारा वर्षं पित्ताच्या गोळ्या खात होते. जेवले की ओटीवर पोट धरून बसायचे, आई आगळाचं पाणी करून द्यायची. शेवटी मुंबईला तोंडातून दुर्बीण घातली (एन्डोस्कोपी). अहवाल आला: जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी. हा कॅन्सर नाही, पण त्या वाटेवरचा टप्पा आहे. आधी हेलिकोबॅक्टर जंतूची जुनी सूज, मग अस्तर झिजणं, मग हा बदल. यात कित्येक वर्षं जातात आणि बहुतेकांचं पुढे काही होतही नाही.

माझं म्हणणं, तालुक्याच्या शिबिरात रक्तातलं पेप्सिनोजेन तपासा. जठरात पचनासाठी बनणारा हा पदार्थ, त्याचे १ आणि २ असे दोन प्रकार. जठराच्या ग्रंथी झिजल्या की पेप्सिनोजेन १ घटतं, २ त्या मानाने टिकून राहतं. जपानमध्ये १ चा आकडा ७० किंवा कमी आणि दोघांचं प्रमाण (१ भागिले २) ३ किंवा कमी आलं की झिजेचा संशय धरतात. दुर्बिणीसाठी मासेमारीचे दोन दिवस मोडतात, रक्त पाच मिनिटांत देता येतं.

लॅबवाली, रत्नागिरी: दादा, मी रोज रक्त काढते, म्हणून विरोध करते. ही तपासणी झीज सांगते, कॅन्सर नाही. झीज फक्त जठराच्या खालच्या भागात असली तर आकडा चांगला येऊ शकतो. अस्तरात विखरून पसरणाऱ्या (डिफ्यूज) जातीचा कॅन्सरही यातून निसटू शकतो. 'नॉर्मल'चा कागद मिळाला की माणूस वर्षभर घरी बसेल. शिवाय सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या त्या पित्ताच्या गोळ्यांनी पेप्सिनोजेन वाढतं. इथे त्या कोण घेत नाही? त्यापेक्षा श्वासातून किंवा शौचातून जंतू तपासा, सापडला तर औषध द्या. त्यासाठीही डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे बंद ठेवायची.

हर्णैचा मुलगा: ताई, गोळ्यांचं मान्य, अर्जातच विचारू. पण सगळ्यांची दुर्बीण कोण करणार? आधी कोणाला पाठवायचं, तेवढं तरी रक्तातून ठरू दे.

देवगडची नर्स: तुम्ही दोघंही तुकड्याचं, म्हणजे दुर्बिणीतून तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या बायोप्सीचं, विसरताय. सीडीएक्स२ हे आतड्याचं जनुक, जठरात ते गप्प असायला हवं. तुकड्यात ते जागं दिसलं की या बदलाची खूण मिळते. रक्तातल्या मायक्रोआरएनएवर (जनुकांचं काम कमीजास्त करणारे बारीक रेणू), जनुकांवरच्या मिथाइल खुणांवर (जनुक गप्प करू शकणाऱ्या रासायनिक खुणा) संशोधन चालू आहे, पण बदल झालेल्यांतला नेमका कोण कॅन्सरकडे जाईल हे अजून एकटी कुठलीच खूण खात्रीने सांगत नाही. आणि बदल ठिपक्याठिपक्यांनी असतो. म्हणून जठरातल्या पाच जागांचे तुकडे घ्यायचे, खालच्या आणि वरच्या भागाचे वेगळ्या बाटल्यांत.

लॅबवाली, रत्नागिरी: हे पटलं. मात्र वजन उतरतंय, शौच काळी होतेय, घास अडकतोय, अशा माणसाला शिबिराच्या रांगेत उभं करू नका. त्याची थेट दुर्बीण.

हर्णैचा मुलगा: आता बाबांचा कागद काढून बघितला. 'एक तुकडा, एक बाटली.' कुठल्या भागातला, तेही लिहिलेलं नाही. सोमवारी फोन करून विचारतो.