सी. एलिगन्स: नराचं नरपण एकाच प्रथिनाच्या हातात?

भातखाचर (धागाकर्ता)
कुजक्या फळांवर सापडणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा सूत्रकृमी. यात मादी नाहीच. दोन एक्स गुणसूत्रं असली की उभयलिंगी, एकच असलं की नर. उभयलिंगीत ३०२ चेतापेशी, नरात ३८७. जास्तीच्या बहुतेक शेपटीत, कारण सगळा कारभार तिथूनच चालतो. नर जोडीदाराला शेपटी टेकवतो, उलटा सरकत जातो, टोक आलं की वळून दुसरी बाजू तपासतो, योनिद्वार लागलं की थांबतो आणि दोन बारीक काटे आत घालतो. हे त्याला शिकवतं कोण? कुणीच नाही.

याच्या मुळाशी टीआरए-१ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन आहे. तो डीएनएवर बसून नराची जनुकं दाबून ठेवतो. उभयलिंगीत तो जागा असतो. नरात निष्प्रभ होतो, मग एमएबी-३, डीएमडी-३ वगैरे नरपण घडवणारी जनुकं कामाला लागतात. २००७ साली उभयलिंगींच्या फक्त चेतापेशींना 'नर' केलं, बाकी शरीर होतं तसंच. तरी ते दुसऱ्या उभयलिंगींच्या गंधाकडे ओढले गेले! माझं मत सरळ आहे: हा एकच खटका (स्विच) आहे. बाकी तपशील.

उंबराचं फूल
धागा आवडला, 'खटका' पटला नाही. शेपटीतली पीएचबी ही संवेदी पेशी घ्या. पिल्लांत तिच्या जोडण्या दोन्ही लिंगांत सारख्याच असतात. वयात येताना छाटणी होते: उभयलिंगीत उरते ती त्रासदायक रसायनापासून पळण्याची वाट, नरात योनिद्वार शोधण्याची. पेशी तीच, काम वेगळं. इथवर तुमचंच म्हणणं.

पण २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की वयात येण्याआधी नर उपाशी राहिला तर ही छाटणी होत नाही. नंतर पोटभर खाऊनही जोडण्या पिल्लासारख्याच राहतात. उपासाच्या काळात सेरोटोनिन दिलं, तर मात्र छाटणी होते. गुणसूत्र तेच, टीआरए-१ तितकाच निष्प्रभ, मग फरक कुणी केला? भुकेनं.

भातखाचर
छाटणीची कात्री कुणी घडवली, ते सांगा की! भूक फार तर कात्री लपवून ठेवते. आणि पेशी जगणार की मरणार, हेही याच प्रथिनाकडे. अंडी घालायला लागणारी एचएसएन पेशी नरात मरते. उभयलिंगीत टीआरए-१ मृत्यूचा हुकूम देणाऱ्या ईजीएल-१ जनुकावर थेट बसून त्याला गप्प करतो, म्हणून ती वाचते. इथे भुकेचा काय संबंध?

उंबराचं फूल
एचएसएनबद्दल मान्य. पण पेशी असणं वेगळं आणि वागणं वेगळं. पोट भरलेला नर अन्न सोडून जोडीदाराच्या शोधात निघतो, कारण त्याच्यात ओडीआर-१० हे अन्नाचा वास ओळखणारं प्रथिन कमी असतं. उपाशी ठेवा, ते प्रथिन वाढतं आणि स्वारी निमूट अन्नाला चिकटते. प्रौढ नरात, हां, पिल्लात नव्हे. जे असं दिवसागणिक खालीवर होतं त्याला मी खटका नव्हे, रेग्युलेटर म्हणेन.

पाटीपेन्सिल
मधेच तोंड घालते. 'शिकवतं कोण' यावर एक भर. २०१५ मध्ये नराच्या डोक्यात दोन नव्या चेतापेशी सापडल्या. त्या जन्मतात आधारपेशींपासून, ज्यांना ग्लिया म्हणतात. एरवी मीठ आणि उपासमार एकत्र अनुभवली की कृमी मीठ टाळतो. पण तिथेच जोडीदारही असेल, तर नर त्याच मिठाकडे जातो. त्या दोन पेशी नसतील तर हे शिकणं जमत नाही. म्हणजे शिकण्याची सोयसुद्धा नरालाच वेगळी दिलेली. हा मुद्दा दोघांपैकी कुणाच्या बाजूचा, तुम्हीच भांडून ठरवा.

रोखठोक
एमएबी-३ चा भाऊबंद डीएमआरटी१ माणसातही आहे. म्हणजे आपलं पण...?

उंबराचं फूल
हळू! डीएमआरटी१ चं नाव वृषणाच्या घडणीशी जोडलेलं आहे, प्रेमपत्राशी नाही.

भातखाचर
पाटीपेन्सिल, मुद्दा माझ्याच बाजूचा धरतो. ती सोय लिंगानुसारच मिळते ना? मात्र 'बाकी तपशील' हे शब्द मागे घेतो. भूक तपशिलात बसत नाही. 'खटका' राहू दे. उपाशी नर अन्नाला चिकटला, म्हणून काही अंडी घालायला लागत नाही.

उंबराचं फूल
तसं मी म्हटलंच कुठे होतं?