मदत हवी आहे: १०५० टीआय घ्यावं की आरएक्स ५६०?

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी जुन्या ऑफिस पीसीत सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे. आय५ प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फक्त २४० वॅटचा आणि त्याला कार्डाला वेगळी वीज देणारी ६ पिनची वायर नाही. खेळणार व्हॅलोरंट आणि जीटीए ५, तेही १०८० पीवर.

माझा कल जीटीएक्स १०५० टीआयकडे आहे: ४ जीबी मेमरी, ७५ वॅट, बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर लागत नाही. आरएक्स ५६० स्वस्त मिळतंय, पण त्यात १०२४ आणि ८९६ कोअर अशी दोन रूपं एकाच नावाने विकली गेली, आणि काहींना ६ पिन लागतेच. दुकानदार जीटी १०३० सुचवतोय. ते फार तर ३० वॅटचं असलं तरी त्याचं डीडीआर४ मेमरीवालं रूप मला नकोच. जीडीडीआर५ मेमरीवाल्या रूपाच्या तुलनेत त्याची मेमरी बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग) जेमतेम एक तृतीयांश आहे.

अशा कमी वॅटच्या एसएमपीएसवर १०५० टीआय कुणी बरेच महिने चालवलंय का? तासन्‌तास खेळल्यावर पीसी बंद पडतो का? आणि जुनं कार्ड घेताना दुकानातच काय तपासून घ्यावं? पोराच्या वाढदिवसाआधी बसवायचंय, लवकर सांगा.