बीडीडीची शंभरी साजरी करताय, पण नेमकं काय साजरं करताय?

डिलाईल रोडकर

परवा आमच्या जुन्या चाळकऱ्यांच्या ग्रुपवर मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या शंभरीच्या कार्यक्रमाचा मेसेज आला. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (म्हणजे आमचा डिलाईल रोड) मिळून तीन दिवस, घरटी दोन हजार वर्गणी. पहिल्या दिवशी शोभायात्रा, ढोल-ताशा आणि मान्यवरांचे सत्कार. दुसऱ्या दिवशी पैठणीचा खेळ आणि मुलांचे डान्स. तिसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा.

खाली बॅनरचा नमुना. त्यात कौलारू छपराची, लाकडी कठड्याची, लांबलचक गॅलरीची चाळ. अहो, ही गिरगावातली चाळ आहे! बीडीडीला गॅलरी होती कधी? मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची आणि सगळं बांधकाम सिमेंट-काँक्रीटचं. तिथेच जन्मलेल्या पोरांनी बॅनर केला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन हजार द्यायच्या आधी मला याचंच उत्तर हवंय.

आता शंभर वर्षं कशाची तेही बोलू. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. नाव तिथूनच आलं. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर लावला. प्रत्यक्षात १६ हजारांच्या आसपास खोल्या झाल्या, चारही ठिकाणी मिळून २०७ चाळी. त्यातही वरळीच्या चाळी सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. गिरण्या लांब, भाडं परवडेना, मग कोण जाणार? पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने त्या रिकाम्या चाळींचा तुरुंग केला आणि सत्याग्रही तिथे डांबले. यातलं एक अक्षर त्या तीन दिवसांत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्गणी काढा, पण ऑर्केस्ट्रावर उडवू नका. चाळ नंबर, खोली नंबर, कोणत्या सालापासून कोण राहत होतं, गाव कुठलं, कुठल्या गिरणीत किंवा खात्यात होते, हे सगळं लिहून काढा. जुने फोटो गोळा करा, म्हाताऱ्यांचे आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. पुनर्विकासातल्या वरळीच्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, बाकीचे कित्येक जण ठाणे-डोंबिवली-विरारला भाड्याने पांगलेत. आत्ता नाही झालं तर पुढे विचारायला माणूस मिळणार नाही. आणि एक संध्याकाळ करायचीच तर आपल्याच लोकांची करा. भजनी मंडळं आहेत, जाखडीवाले आहेत, लेझीम आहे.

मंडपवाला

दादा, राग मानू नका, पण तुमच्या कार्यक्रमाला पन्नास माणसं येतील आणि त्यातली चाळीस चहाला. आयुष्य मंडप बांधण्यात गेलंय, गर्दी कशाला येते ते मला कळतं. प्रदर्शन लावलं की लोक आपला फोटो बघतात, "हा बघ मामा" म्हणतात आणि निघतात. ऑर्केस्ट्रा लागला की विरारचा माणूस शेवटची गाडी चुकवून थांबतो. लोक पांगलेत हे तुम्हीच लिहिलंय ना? मग त्यांना आणणार कशाने, वहीने?

दुसरं. वही घेऊन दारोदार जाऊन बघाच एकदा. "कुठल्या सालापासून राहता?" म्हटलं की समोरचा दार लोटून घेतो. पात्र-अपात्रतेच्या यादीपायी लोकांनी इतके कागद दाखवलेत, १९८० ची रेशनकार्डं, लाइट बिलं, मयताचे दाखले, की आता कुणी साल विचारलं तरी पोटात गोळा येतो. ज्यांची खोली पोटभाड्याने होती किंवा वारसांत वाद आहेत ते तर तोंडच उघडणार नाहीत. तुम्ही इतिहास म्हणाल, ते सर्व्हे समजतील.

बॅनरचं मात्र कबूल. बदलायला लावतो.

नायगावची सून

दोघांचंही वाचलं. मला वाटतं तुम्ही दोघे एकच गोष्ट वेगवेगळ्या आवाजात सांगताय, की चाळ फार छान होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा खोलीत आम्ही नऊ माणसं. मोरीला दार नव्हतं, पडदा होता. माझी आंघोळ म्हणजे सासरे, दोन दीर आणि नवरा बाहेर पॅसेजमध्ये उभे. आणि बाहेर सगळ्या मजल्याला कळायचं की आत सून आंघोळ करतेय. संडास मजल्यावरचे, सामायिक. रात्री जायचं तर पॅसेजमध्ये झोपलेल्या पुरुषांना ओलांडून, साडी आवरून, बॅटरी घेऊन. पहिलटकरीण असताना मी संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचे नाही. हे कुठल्या वहीत लिहिणार आहात? "कुठल्या गिरणीत किंवा खात्यात होते" या रकान्यात?

आता ५०० चौरस फूट मिळणार, आत स्वतःचा संडास. मला शंभरी नको, सुटका साजरी करायचीय. त्यासाठी ऑर्केस्ट्रा असला तरी चालेल, मी पहिल्या रांगेत बसेन. पैठणीच्या खेळाला नाकं मुरडू नका, बायकांना माईक हातात मिळतो तो तेवढाच.

डिलाईल रोडकर

@नायगावची सून, चाळ छान होती असं मी एका ओळीत म्हटलेलं नाही, वर जाऊन वाचा. उलट तुम्ही जे लिहिलंत तेच नोंदवायला हवं. शंभर वर्षांत ज्याने ही खोली आखली त्या इंजिनिअरपासून पुढच्या प्रत्येक सरकारला कुणीतरी विचारायला हवं होतं की १६० फुटांत बाईने आंघोळ कुठे करायची. ऑर्केस्ट्राच्या निवेदकाला तुम्ही हे सांगू शकणार आहात का? तो म्हणेल, "वहिनी, आता एक उखाणा होऊन जाऊ दे."

जांबोरीवाला

शोभायात्रेचा मेसेज मीही बघितला. वरळीतून निघणार, जांबोरी मैदानापर्यंत येणार. तीन दिवसांत १४ एप्रिल शब्द कुठे नाही, बाबासाहेब नाहीत, बुद्धवंदना नाही. गणपतीची महाआरती मात्र आहे. आणि डिलाईल रोडकर, तुमच्याही यादीत भजनी मंडळ आणि जाखडी. भीमगीतं कुठे गेली? आमच्या बाजूच्या चाळींत गायन पार्ट्या होत्या, रात्र-रात्र सामने व्हायचे. ते "आपल्याच लोकांत" बसत नाहीत वाटतं.

सगळी चाळ एक कुटुंब होती, हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमात येणार, लिहून ठेवा. जानेवारी १९७४. दलित पँथरची सभा झाली आणि वरळी पेटली. महिनोन् महिने धुमसत होती. कुठली चाळ कुणाची हे तेव्हा नंबरावरून कळायचं आणि कुठल्या जिन्याने जायचं नाही हेही. त्याच महिन्यात परळला मोर्चावर इमारतीवरून दगड टाकला, पँथरचे भागवत जाधव गेले. शंभर वर्षं साजरी करायची तर ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट मध्येच येते. तिला वळसा घालून शोभायात्रा कशी काढणार?

मंडपवाला

जयंती राहिली ही चूकच, समितीला सांगतो. पण ७४ उकरून काय मिळवणार? आज एकाच टॉवरच्या एकाच लिफ्टमधून दोघे वर जातायत. पोरांना माहीत नाही तेच बरं.

जांबोरीवाला

पोरांना माहीत नाही असं तुम्हाला वाटतं. आमच्या घरात माहीत आहे.

गावकीची खोली

मंडळी, एक वेगळाच मुद्दा. "खोली कुणाची" या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे "गावाची" असं होतं. आमची खोली वाडीच्या मंडळाने चालवलेली. नावावर कुणा एकाच्या, पण राहणारे वीस-बावीस, सगळे कोकणातले, बायका-पोरं गावाला. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्याच वळकटीवर रातपाळीचे आडवे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी. भिंतीला खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीखाली खडूने आद्याक्षरं. जेवण खानावळवाल्या मावशींकडे, महिन्याचे पैसे पगाराला. मंडळाची वही होती, तीत कुणी गावाला किती मनिऑर्डर केली तेसुद्धा असायचं.

१९८२ च्या गिरणी संपानंतर एकेक ट्रंक गावाला गेली. माझा काका गेला तो परत आला नाही. आता पुनर्विकासात घर मिळणार ज्याच्या नावावर खोली त्याला, कायद्याने ते बरोबर. पण घरटी वर्गणीची यादी, घरटी सत्काराची यादी, घरटी इतिहासाची यादी, सगळं घरटीच धरलंत तर ज्यांना इथे घर कधी नव्हतंच, फक्त खुंटी होती, ते या शंभरीत कुठे? माझ्या अंदाजाने डिलाईल रोडच्या कित्येक चाळींत काही काळ तरी खुंटीवालेच जास्त असतील.

म्हणून मी वहीच्या बाजूने आहे, पण ती मुंबईत फिरून भरणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्यात जावं लागेल. दोन हजार घरटी घेता आहात तर त्यातून एस.टी.चं भाडं सुटेल.

शिवडीकर

वरळी १२१, नायगाव ४२, जोशी मार्ग ३२. बेरीज करा. १९५. मूळ पोस्टमध्ये २०७ लिहिलंय. उरलेल्या १२ चाळी शिवडीच्या, आम्ही अजून तिथेच आहोत. जमीन पोर्ट ट्रस्टची म्हणून म्हाडाच्या योजनेत आम्ही नाही. तुमची चाळ गेली म्हणून तुम्ही आठवणी काढताय, आमच्याकडे गळक्या स्लॅबखाली बादली ठेवून चालू आहे. बोलावलंय का कुणी? मेसेजमध्ये तीनच नावं. वर्गणी मागायलासुद्धा कुणी आलं नाही, यावरून काय ते समजा.

कापडबाजार

मुळात ब्रिटिशांच्या फसलेल्या स्कीमचा वाढदिवस करायचाच कशाला? त्याच खात्याच्या बॅकबेला समुद्रात भराव टाकायच्या स्कीमवरून वीर नरिमननी केवढी झोड उठवली होती. आधी माफी मागायला लावा कुणाला तरी.

डिलाईल रोडकर

@कापडबाजार, लॉइडचा वाढदिवस नाही करत कुणी. स्कीम फसली आणि तरी माणसं राहिली, त्या राहण्याची शंभरी आहे.

@शिवडीकर, माझ्या मते कार्यक्रम करायचाच तर शिवडीतच करा. तिथल्या चाळी अजून उभ्या आहेत आणि माणसंही तिथेच आहेत. बॅनरसाठी फोटोही तिथेच मिळेल.

@मंडपवाला, सर्व्हेची भीती खरी आहे, म्हणून साल आणि कागद विचारायचेच नाहीत. "पॅसेजमध्ये तुमची झोपायची जागा कुठली?" विचारा. याने कुणी अपात्र होत नाही आणि माणूस तासभर बोलतो. भीमगीतांच्या सामन्यांशिवाय संध्याकाळ पुरी होणार नाही, हे जांबोरीवाल्यांचं रास्त आहे. ७४ वरही मी त्यांच्याच बाजूचा, वगळायचं नाही. वर्गणीबद्दलचं मत तेच, ऑर्केस्ट्राला माझ्याकडून एक रुपया नाही.

मंडपवाला

मग असं करा. तिसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या आधी एक तास तुमचा. म्हाताऱ्यांना स्टेजवर बसवू, खुर्च्या माझ्या, भाडं नाही. शिवडीत मंडप टाकायला माझी ना नाही, पण जागा लहान, साउंडला परवानगी मिळायची नाही.

डिलाईल रोडकर

एक तास म्हणजे गर्दी जमेपर्यंतचा वेळ. मागून बॅन्डवाले सेट लावणार आणि पुढे आमची आजी माईकवर "हॅलो चेक" ऐकत बोलणार. नको. एक अख्खा दिवस द्या. दुसरा द्या.

मंडपवाला

दुसरा दिवस बायका आणि पोरांचा आहे, तो काढला तर माझ्याच घरात जेवण बंद होईल. पहिला घ्या. मान्यवरांचे सत्कार कापून बघतो. तिथे स्पॉन्सर बसलेत, सोपं नाही.

नायगावची सून

सत्कार कापा, कुणी रडणार नाही. मी मोरीचं बोलेन, स्टेजवरून बोलेन, पण समोर फक्त पुरुष खुर्च्या अडवून बसलेले नकोत. आणि समितीची मीटिंग दर वेळी रविवारी सकाळी दहाला ठेवता. त्या वेळेला घरात मटण शिजत असतं आणि ते शिजवत कोण असतं? चारला ठेवा, मग बायका येतील.