मदत हवी आहे: जननेंद्रियावर फोड, हर्पिसची तपासणी कोणती आणि कधी करू?

अनामिक_कोथरूड:
वय २९, पुरुष. साधारण दहा दिवसांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला. कालपासून लिंगाच्या त्वचेवर एकाच जागी तीन-चार बारीक पाणीदार फोड आहेत. फोडांना लघवी लागली की चुरचुरतं, जांघेत गाठ दुखते. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबने टॉर्च प्रोफाइल आणि एचएसव्ही (हर्पिसचा विषाणू) आयजीएम या रक्ताच्या तपासण्या सुचवल्यात. करू का? पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, काही सुचत नाहीये.

निदान_आधी:
हर्पिससाठी रक्त आत्ता देऊ नका. फोड ओले आहेत, तेच तपासा. हवी ती चाचणी म्हणजे फोडातल्या स्वॅबची एचएसव्ही पीसीआर, टाइप १ आणि २ वेगळे सांगणारी. डॉक्टर निर्जंतुक सुईने फोड उघडतात आणि आतल्या पाण्यासोबत तळही स्वॅबने घासून घेतात. थोडं झोंबतं. नुसतं वरून फिरवलं तर नमुन्यात पेशीच येत नाहीत. स्वॅब सिंथेटिक हवा आणि तो व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियमच्या (विषाणूचा नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये जायला हवा, म्हणून लॅबला आधी फोन करून ट्यूब आहे का विचारा. पहिल्या ४८ तासांतला नमुना उत्तम. खपली धरली की विषाणू सापडायची शक्यता झपाट्याने घटते. तेव्हा उद्या सकाळीच जा.

टॉर्च ही मुख्यतः गरोदरपणातली तपासणी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं) तर सोडूनच द्या: टाइप नीट सांगत नाही, जुना संसर्ग उलटला तरी पॉझिटिव्ह येतं आणि कधीकधी उगाचच येतं. आयजीजीची, म्हणजे नंतर येऊन टिकून राहणारी प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे, काहींना १२ ते १६ आठवडे लागतात. त्यातही १ आणि २ एकत्र मोजलेलं आयजीजी निरुपयोगी, कारण लहानपणी ओठावर जर (तापाचे फोड) आलेल्या माणसाचंही ते पॉझिटिव्ह येतं. जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण ६४ टक्के लोकांना टाइप १ आहे.

अनामिक_कोथरूड:
धन्यवाद. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, दोनदा लावली. आणि पुण्यात जायचं कुठे?

पेठेतला_फार्मासिस्ट:
ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलंय का बघा. अशा मिक्स क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने फोडाचं रूप बदलतं आणि संसर्ग पसरू शकतो. लावणं थांबवा, ट्यूब डॉक्टरांना दाखवा.

ससूनमध्ये त्वचा व गुप्तरोग विभाग आहे, बाह्यरुग्ण विभागात सकाळी जा. केसपेपर काढताना खिडकीवर तपशील सांगायची गरज नाही, "स्किनला दाखवायचंय" एवढं पुरे. गुप्तरोगांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणं पाहूनच मोफत उपचार मिळतात, हर्पिससाठी लाल रंगाचं किट असतं. जवळचं केंद्र १०९७ या हेल्पलाइनवर विचारा. खासगीत जायचं तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा.

गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. पहिल्या वेळी सहसा असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस देतात. किडनीचा त्रास असेल तर सांगा, डोस बदलतो. आधी स्वॅब, मग लगेच गोळी. रिपोर्टची वाट पाहत बसू नये. मात्र विषाणू शरीरातून जात नाही, गोळीने त्रास कमी होतो आणि लवकर सरतो.

निदान_आधी:
एक राहिलं. हर्पिसच आहे असं धरून चालू नका. सिफिलिसचा व्रण बहुधा एकच, कडक आणि न दुखणारा असतो, पण बहुधाच. त्यामुळे व्हीडीआरएल, टीपीएचए (दोन्ही सिफिलिसच्या रक्ततपासण्या), एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी आत्ता करा. व्हीडीआरएल आणि एचआयव्ही तीन महिन्यांनी पुन्हा, कारण सुरुवातीचं निगेटिव्ह पक्कं नसतं. एखादी वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक गोळी घेतल्यावरही त्याच जागी चट्टा किंवा फोड येतो, तेव्हा हल्ली घेतलेली सगळी औषधं सांगा.

अनामिक_कोथरूड:
पीसीआर निगेटिव्ह आली तर सुटलो ना? आणि होणाऱ्या बायकोला सांगावं लागेल?

निदान_आधी:
खपलीवरून घेतलेलं निगेटिव्ह धरू नका. पुन्हा फोड आले की पहिल्याच दिवशी स्वॅब द्या, आणि तीन-चार महिन्यांनी टाइपनुसार आयजीजी करा. त्यात टाइप २चा इंडेक्स (रिपोर्टमधला आकडा) १.१ ते ३ च्या मधे आला तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करायला सांगा, या पट्ट्यात खोटे पॉझिटिव्ह फार असतात.

पॉझिटिव्ह आली तर हो, सांगा, आणि लग्नाआधी सांगा. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येतो, कंडोमने धोका घटतो, संपत नाही. रोज घ्यायच्या गोळीनेही तो आणखी कमी होतो. आणि पुढे मूल हवं असेल तेव्हा तिच्या डॉक्टरांना ही माहिती लागेल: गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला पहिल्यांदा संसर्ग झाला तर बाळाला धोका सर्वांत जास्त असतो. दोघं एकत्र डॉक्टरांकडे जाऊन बोललात तर सोपं पडेल. पण आधी उद्याचा स्वॅब.