अनुभव धागा: बातमी तुमच्या घरी कशी यायची?

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी आपल्या मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, तेव्हापासूनची संपादकांची बाजू बरीच लिहून झालीय, वाचणाऱ्यांची फार कुणी लिहीत नाही. तर बातमी तुमच्या घरी कशी यायची, कोण आणायचं, खरी की खोटी कसं ठरवायचात आणि आता काय करता ते लिहा. लांबलं तरी चालेल.

परळकर
आमच्या मजल्यावर पेपर एकच, वर्गणी काढून घेतलेला, आणि तो गॅलरीत मोठ्याने वाचला जायचा कारण बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही. बाबा गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला आणि पेपर ऐकायची पद्धतच बदलली. पेपरात यायचं गिरण्या सुरू होतायत, कामगार परततायत, आणि नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं संप शंभर टक्के. बाबा दोन्ही वाचायचे आणि चालत गेटवर जायचे, आत किती जण जातात ते स्वतः बघायला, मग येऊन अख्ख्या मजल्याला सांगायचे. त्यांनी सांगितलं की ती बातमी. मला अजून वाटतं, प्रत्येक मोठ्या बातमीला असा कुणीतरी गेटवर जाऊन येणारा लागतो.

गिरगावची नात
वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, पण आमच्याकडे टीव्ही खूप उशिरा आला, आम्ही शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचो. सगळ्यांना मराठी पिक्चर हवा असायचा आणि आजीला 'आमची माती आमची माणसं'. आमची कलमं देवगडला, तिचा भाऊ बघायचा. मोहोराला तुडतुडा लागला तर कधी काय फवारायचं ते ती नीट ऐकून ठेवायची आणि घरी आल्या आल्या माझ्याकडून पोस्टकार्ड लिहून घ्यायची. मामाआजोबांचं उत्तरही यायचं, हे जमलं, ते नाही जमलं.

कलिनावाली
परळकर काका, तुमच्या बाबांचं वाचून २००५ आठवलं. २६ जुलै, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लाईट नाही म्हणजे टीव्ही नाही, मोबाईल लागत नाही. ऑफिसमधून निघाले ती कमरेभर पाण्यातून, आणि समोरून येणारा माणूस सांगायचा पुढे मॅनहोल उघडंय, डावीकडून जा, ते खरंच असायचं कारण तो तिथूनच आलेला. आणि दोनच दिवसांनी, २८ ला, त्सुनामी येतेय धरण फुटलंय अशी अफवा उठली, नेहरूनगरच्या झोपडपट्टीत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सॅप नव्हतं. म्हणून सगळा दोष फोनवर टाकलेला मला पटत नाही. ती अफवा सांगणाऱ्यांतल्या कुणीच काही बघितलेलं नव्हतं.

सायनची सून
लिहावं की नाही ठरत नव्हतं. २६ नोव्हेंबर २००८ ला आमचे हे हॉटेलच्या किचनमध्ये ड्युटीला होते, तिथेच अडकले. फोन करायचा नाही असं ठरलेलं, रिंग वाजली तर काय घ्या. घरी टीव्ही चालू, सासरे समोरून उठत नव्हते. कमांडो कुठून उतरतायत, लोकांना कुठल्या बाजूने काढतायत, सगळं लाईव्ह. मी म्हटलं, बाबा, आपल्याला दिसतंय तर त्यांनाही दिसत असेल ना. आणि तसंच होतं, अतिरेक्यांना फोनवरून सूचना देणारे पाकिस्तानात बसून हेच बघत होते. २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या प्रक्षेपणावर कडक टीका केली, आणि २०१५ पासून अशी कारवाई संपेपर्यंत लाईव्ह दाखवायला बंदी आहे, नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देतो तेवढीच. हे सुखरूप आले. पण आम्ही बघत होतो त्या चॅनलने त्या रात्री स्वतःहून कॅमेरा वळवला नाही, ते माझ्या मनातून जात नाही. आता कुठेही काही झालं की मी आधी टीव्ही बंद करते आणि तिथल्या ओळखीच्या माणसांना मेसेज टाकते.

दादरचा पेपरवाला
पहाटे गठ्ठे येतात, स्टेशनबाहेर बसून पुरवण्या भरायच्या आणि मग लाईन टाकायला निघायचं. मार्च २०२० ला पेपर यायचेच बंद झाले, वर पेपरातून कोरोना पसरतो असं ग्रुपवर फिरलं. परत चालू झाले तेव्हा बऱ्याच घरांनी नको म्हणून सांगितलं, म्हातारी माणसं मात्र स्वतः फोन करून कधी टाकतोस विचारायची. आता जिन्यात थांबवून विचारतात, रात्री ते फॉरवर्ड आलं ते खरं का रे? मी पेपर उघडून दाखवतो, त्यात नसेल तर नाही म्हणतो. महिन्याचं बिल घ्यायला मीच दारात जातो, म्हणून विचारतात मला.

कांजूरमार्ग पूर्व
दादा, आमच्या बिल्डिंगला मराठी पेपर टाकायला कुणी तयार नाही, आईला हवाय. तुमच्या ओळखीचं इकडे कोण लाईन टाकतं का?