मदत हवी आहे: कॉटिक्यूल दगडावर आलेली वस्तऱ्याची धार शेवटच्या टप्प्यात जाते

नवीपेठकर:
वस्तरा ६/८ (पात्याची रुंदी, इंचात), हॉलो ग्राउंड म्हणजे दोन्ही बाजू खोलगट घासलेला, कार्बन स्टीलचा. दगड बेल्जियमचा कॉटिक्यूल, १५० बाय ५० मिमी, खाली स्लेट चिकटवलेली. स्लरीवर (दगड घासून पाण्यात उठलेल्या गाळावर) घासतो तेव्हा हातावरचे केस उडतात. मग पाणी घालून स्लरी पातळ करत जातो, पट्ट्यावर परजतो आणि गालाला लावला की वस्तरा ओढतो. टोकाकडे जास्तच. पाणी बोअरचं आहे. दगड मध्ये खोलगट वाटतोय, शहाबादी फरशीवर घासून सपाट केला तर चालेल का?

पाथरवट:
शहाबादीचा नाद सोडा. तो चुनखडीचा दगड, कॉटिक्यूलमधल्या गार्नेट या कठीण खनिजाच्या दाण्यांपुढे मऊ. फरशीलाच खळगा पडेल, आणि ती मुळात तरी सपाट कुठे असते? ८-१० मिमी जाडीची काच घ्या, त्यावर २२० चा वॉटर पेपर ओला करून बसवा. दगडावर पेन्सिलने चौकडी आखा आणि घासा. मधल्या रेघा शेवटी जातात. सगळ्या गेल्या की पुन्हा आखा, या वेळी दोन-चार हातांत सारख्या पुसल्या गेल्या तर दगड सपाट. मग ४०० आणि ६००. दगडाच्या वरच्या कडाही जरा मारून घ्या, नाहीतर पातं तिथे अडखळून टवका उडतो. शेवटी ब्रशने धुवा, कारण पेपरचा एक जाड दाणा राहिला तरी धारेवर ओरखडा.

गार्नेट:
सपाटीचं बरोबर आहे, पण धार शेवटी जाते ती बहुतेक वेगळ्याच कारणाने. पंखा चालू असतो का? एप्रिल-मेच्या सोलापुरी हवेत दगडावरचं पाणी बघता बघता उडतं. तुम्ही दोन थेंब घालता, तेवढ्यात चार थेंब वाळलेले असतात. म्हणजे पातळ करतोय असं तुम्हाला वाटतं आणि स्लरी उलट घट्ट होत जाते. मोकळे फिरणारे गार्नेटचे दाणे धारेवर समोरून आदळतात, ती गोलसर होते. दगडात घट्ट बसलेला दाणा असं करत नाही, म्हणून तर शेवट स्वच्छ पाण्यावर करायचा.

पंखा बंद. स्लरी पातळ दुधाएवढी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी २०-३० हात. मग दर १५ हातांमागे बोट बुडवून दोन-तीन थेंब, असे आठ-दहा टप्पे. घाई केली तर आधीच्या टप्प्याची गोलाई पुढे निघत नाही, कारण पातळ स्लरी फार हळू कापते. शेवटी दगड आणि पातं दोन्ही धुऊन नुसत्या पाण्यावर ४०-५० हात, वजन फक्त वस्तऱ्याचं. दाबलं की पातळ पातं वाकतं आणि धार दगडावरून उचलते.

बोअरच्या पाण्याने दगडाचं नुकसान नाही, पण वाळल्यावर क्षाराचा थर राहतो आणि पात्यावर डाग पडतात. शेवटच्या टप्प्याला आरओचं पाणी घ्या.

नवीपेठकर:
पंखा डोक्यावरच असतो. दगड आधी भिजत ठेवायचा का? आणि टोकाचं काय?

पाथरवट:
भिजवू नका. कॉटिक्यूल पाणी पीत नाही, उलट स्लेटचा जोड सुटायची भीती. वाळवायचा तोही सावलीत, उभा. गच्चीवरच्या उन्हात नको. तेल तर अजिबात नको, स्लरी नीट उठत नाही. तेल पात्याला लावा, ठेवून देताना.

टोकासाठी धारेवर काळा मार्कर फिरवा आणि नुसत्या पाण्यावर दोन हात मारा. रंग राहील तिथे धार दगडाला टेकतच नाही.

नवीपेठकर:
टोकाकडे साधारण अर्धा इंच रंग तसाच आहे.

गार्नेट:
मग पातळ करायची वेळच आलेली नाही. दगड सपाट झाला की परत स्लरी करा. टाच (धारेची मुठीकडची बाजू) पुढे ठेवून तिरपं ओढत टोकावर संपवा, म्हणजे दगडाच्या अरुंद रुंदीवरूनही सगळी धार जाते. पात्याच्या पाठीला टेप लावत असाल तर एकच पदर, आणि शेवटपर्यंत तोच. मध्येच काढला तर कोन बदलतो. टोकाचे केसही तितक्याच सहज उडायला लागले की मगच पहिले दोन थेंब.